ट्रम्प आणि रफ: नेमका फरक काय?

ब्रिज हा पत्त्यांचा खेळ शिकताना या दोन शब्दांनी मला बराच काळ गोंधळात टाकलं होतं. ट्रम्प म्हणजे आपला हुकूम. तो रंगही आणि त्या रंगाचं प्रत्येक पानही. विजय या अर्थाच्या ‘ट्रायम्फ’वरून तो शब्द आला.

रफ ही मात्र कृती. समजा, इस्पिक हुकूम आहे. बदामाची उतारी झाली, तुमच्याकडे बदाम उरलेलाच नाही आणि तुम्ही इस्पिकची दुर्री टाकून समोरचा एक्का मारलात, तर ते रफ. यालाच ट्रम्प करणंही म्हणतात. दोन्ही अर्थ इथेच एकमेकांवर येतात. पण स्वतःच हुकमाची उतारी केलीत, तर ट्रम्प खेळलात, रफ नव्हे. शिकवताना म्हणूनच मला रफ जास्त आवडतो. त्यात संदिग्धता उरत नाही.