मुठीत मावणारा की नखाने उघडणारा?

इकडे युरोपात राहणारे दोन-तीन मित्र हल्ली एकच प्रश्न विचारताहेत, म्हणून एकदाच लिहून टाकतो. पाटीएवढ्या फोनांचा कंटाळा आलाय आणि दर दोन वर्षांनी नवा घ्यायचा नाहीये. मग वापरलेला छोटा आयफोन १३ मिनी शोधावा की सुटे भाग घरीच बदलता येणारा फेअरफोन ५ घ्यावा? आमच्या नेदरलँड्समधल्या ॲमस्टलव्हेनच्या घरात दोन्ही आहेत. बायकोकडे मिनी, माझ्याकडे फेअरफोन. तेव्हा मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

हातात घेतल्याबरोबर मिनी जिंकतो. तो १४० ग्रॅमच्या आसपास, माझा २१२. कागदावर हे सत्तर ग्रॅम किरकोळ वाटतात, पण ट्रॅममध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने निरोप टाईप करायचा म्हटलं की जाणवतात. मिनीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा आरामात जातो. मला फोन तळहातावर खालीवर सरकवावा लागतो, आणि एक दिवस तो पडणार हे मला माहीत आहे. झब्ब्याच्या खिशात मिनी असला तर झब्बा एका बाजूला लोंबत नाही. संध्याकाळच्या उजेडातले फोटोही, माझ्या डोळ्यांना तरी, बायकोच्या मिनीचेच बरे दिसतात. गणपतीत आरतीचे फोटो कोणाच्या फोनने काढायचे यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

एवढं सगळं असून मी तो घेतला नाही, त्याचं कारण तसं क्षुल्लक आहे. याआधी माझ्याकडे असाच एक छोटा, सीलबंद फोन होता. कोणता ते सांगत नाही, कारण एरवी तो गुणी होता. तीन वर्षांनी त्याची बॅटरी दुपारी दोनलाच मान टाकायला लागली. दुकानात नेला तर म्हणाले, ठेवून जा, तीन दिवसांनी या. आणि हो, या चिठ्ठीवर पासकोड लिहा.

पैशांचं मला काही वाटलं नाही. पण त्या तीन दिवसांत मी कोणीच नव्हतो. पालिकेच्या साइटवर एक फॉर्म भरायचा होता, तर इथल्या सरकारी साइटवर ओळख पटवणारं डिजीडीचं ॲप त्या फोनमध्ये. भारतातल्या बँकेचा ओटीपी त्याच फोनवर. आईचा रोजचा व्हिडिओ कॉलही त्यावरच, त्यामुळे तिने माझ्या भावाला फोन करून मी बरा आहे ना ते विचारलं. आणि हे सगळं उघडणारा पासकोड एका पिवळ्या चिठ्ठीवर, कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये. फोन परत मिळाला त्या रात्री मी दीडपर्यंत पासवर्ड बदलत बसलो होतो.

मिनीची बॅटरी बदलता येत नाही असं अजिबात नाही. पण पडद्याच्या बाजूने उघडायचं, वेगळ्या घाटाचे स्क्रू, आत चिकटपट्टी. म्हणजे बहुतेकांसाठी पुन्हा दुकान आलंच. शिवाय ॲपलने सप्टेंबर २०२३ मध्ये मिनीची विक्री थांबवली. आता वापरलेलाच मिळणार, म्हणजे बॅटरीचा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहू शकतो. फेअरफोन ५ चं मागचं झाकण नखाने निघतं, बॅटरी बोटाने. पडदासुद्धा साध्या स्क्रूड्रायव्हरने बदलता येतो. सातारला बाबांकडे नोकिया ११०० होता, त्याची बीएल-५सी बॅटरी म्हातारी झाली की ते बाजारात जाऊन नवी घालून यायचे, भाजी घेता घेता. फोन कोणाकडे ठेवून यायचा, ही कल्पनाच त्यांना नव्हती.

अर्थात सगळ्यांना माझा हिशेब लागू होईल असं नाही. पाण्याच्या बाबतीत मिनी आयपी६८, म्हणजे थोडा वेळ बुडाला तरी टिकणारा; फेअरफोन आयपी५५, म्हणजे शिंतोडे सोसणारा, पण बुडवायचा नाही. पावसात राजमाचीला गेलो तेव्हा मी तो दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता. सोबत जादा बॅटरी होती हा दिलासा, पण ती बदलायला आधी आडोसा शोधावा लागला. दुसरं म्हणजे फेअरफोन भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. वर्ष-दोन वर्षांत पुण्याला कायमचं परतायचं असेल, तर सुटे भाग इकडूनच न्यावे लागतील. तिथे मिनी सोयीचा. तिकडे परतायचं नसेल तर फेअरफोनला २०३१ पर्यंत अपडेट देण्याचं कंपनीचं आश्वासन आहे, हे माझ्यासारख्या चेंगट माणसाला महत्त्वाचं वाटतं.

२०२५ चा नवा फेअरफोन थोडा लहान आणि हलका झालाय, १९३ ग्रॅम. पण त्याची बॅटरी आता स्क्रूंनी बसवलेली आहे. त्याला कारणं असतील, पण माझं मन काही त्यावर बसत नाही.

हात लहान असतील, फोटो जास्त काढत असाल, तर मिनी खुशाल घ्या. फक्त घेण्याआधी जवळच्या दुकानात जाऊन बॅटरी बदलायला किती दिवस लागतात आणि पासकोड मागतात का, एवढं विचारून या.