लसेबर की ग्रँड मार्की? जुनी अमेरिकी गाडी घेण्याआधी

मिशिगन-ओहायोकडे शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाला पहिला बर्फ पडायच्या आत स्वस्तातली गाडी हवी असते. टोयोटा कॅम्री, होंडा अकॉर्ड कितीही जुन्या झाल्या तरी भाव सोडत नाहीत. मग शोध येऊन थांबतो तो आजोबांच्या दोन गाड्यांवर: २००० ते २००५ मधली ब्युइक लसेबर आणि त्याच काळातली मर्क्युरी ग्रँड मार्की. दोन्ही ऐसपैस, दोन्हींत पुढे सोफ्यासारखी सीट मिळू शकते. लसेबरमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते (फ्रंट व्हील ड्राइव्ह), मार्कीत मागच्या. आणि इथेच कोणीतरी जाणकार मध्ये पडतो, "अमेरिकी फ्रंट व्हील ड्राइव्ह? नको रे बाबा!"

अमेरिकी फ्रंट व्हील ड्राइव्हचं नाव उगाच खराब झालेलं नाही. १९८० च्या मॉडेलची शेव्हरोले सायटेशन, जनरल मोटर्सची पुढच्या चाकांवरची गाडी, पहिल्याच वर्षी आठ लाखांवर खपली आणि लगेच बदनामही झाली. जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं आधी अडकतात, गाडी फिरते, अशा तक्रारी इतक्या वाढल्या की १९८३ मध्ये सरकारनं जनरल मोटर्सला कोर्टात खेचलं. (१९८७ मध्ये सरकार हरलं, पण तोवर सायटेशन बंदही झाली होती.) १९८९ मध्ये क्रायसलरच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत अल्ट्राड्राइव्ह गिअरबॉक्स आला. तो कच्चा होताच, त्यात चुकीचं ऑइल भरल्यानंही बरेच बाद झाले. पुढच्याच चाकांवर चालणाऱ्या कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार इंजिनात हेडचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे घेऊन सुटायचे.

आता सांगा, यात गाडी पुढची चाकं ओढतात याचा दोष कुठला? ब्रेक, ऑइल, बोल्ट! कॅम्री आणि अकॉर्डही पुढच्याच चाकांवर चालतात, त्यांना कोणी नावं ठेवत नाही. पुढच्या चाकांना ताकद झेपत नाही म्हणावं, तर १९६६ च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोनं सात लिटरचं, ३८५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ पुढच्याच चाकांना जोडलं होतं. जनरल मोटर्सच्याच जीएमसीनं पुढे तेच तंत्र अख्ख्या मोटरहोममध्ये वापरलं.

लसेबरमध्ये आहे ३८०० सिरीज टू नावाचं इंजिन: ३.८ लिटरचं, सहा सिलिंडरचं व्ही-६, २०५ हॉर्सपॉवर, जुन्या पद्धतीचं, लोखंडी ब्लॉकचं. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. त्याची खोड एकच, पण ठाऊक हवी. वरचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) प्लास्टिकचा आहे. धुराड्याकडून येणारी गरम नळी त्यातून जाते, तिच्याभोवतीचं प्लास्टिक कालांतरानं वितळतं आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) इंजिनात उतरतं. कूलंटचे प्लास्टिकचे एल्बो, म्हणजे वाकड्या नळ्याही ठिसूळ होतात. भाग महाग नाहीत, वेळीच बदलले की काम संपलं.

गंमत पुढे आहे. मार्कीचं ४.६ लिटरचं व्ही-८ जिथे तिथे टॅक्सी आणि पोलिसांच्या क्राउन व्हिक्टोरियात घासून सिद्ध झालेलं. पण १९९६ ते २००१ च्या काळात त्याचाही मॅनिफोल्ड प्लास्टिकचाच होता आणि कूलंटच्या वाटेवर तडकायचा. तरी त्यावरून मागच्या चाकांच्या गाड्यांना कोणी वाईट म्हटलं नाही. एकाच रोगाला एकीकडे 'प्लास्टिक' म्हणायचं आणि दुसरीकडे 'फ्रंट व्हील ड्राइव्ह', हा कुठला न्याय?

मार्की खरोखर सरस आहे ती दणकटपणात. वेगळ्या चासीवर (सांगाड्यावर) बसवलेली बॉडी, बॉनेटखाली मोकळी जागा, खड्ड्यांची पर्वा नाही. लसेबरचं इंजिन आडवं असल्यानं मागच्या बाजूचे तीन स्पार्क प्लग चाचपडतच काढावे लागतात, आणि सीव्ही जॉइंटचे, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या सांध्यांचे, रबरी बूट फाटतात. रोज दिवसभर गाडी हाणायची असेल, किंवा फ्लोरिडा-टेक्सासला राहत असाल, तर बेलाशक मार्की घ्या.

बर्फात मात्र चित्र उलटं होतं. लसेबरचं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही ओढणाऱ्या चाकांच्या डोक्यावर बसलेले, त्यामुळे चाकं जमीन धरतात. मार्कीवाले शेजारी डिकीत वाळूची पोती टाकून फिरताना दिसतील. हायवेवर पेट्रोलही लसेबर कमी पिते: त्या काळच्या सरकारी आकड्यांत गॅलनला २९ मैल, मार्कीचे २५. शिवाय मधला उंचवटा कमी, म्हणून मागे तिसऱ्याचे पाय नीट राहतात. मारुती ८०० मध्ये पाच-सहा जण कोंबून गेलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

मी उत्तरेत राहतो, म्हणून माझं मत लसेबरला. बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना कूलंटची पातळी पाहा, ऑइलची कांडी काढून त्यावर दुधाळ थर, म्हणजे ऑइलमध्ये कूलंट मिसळल्याची खूण, नाही ना ते बघा. मग रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा. पुढच्या चाकातून टकटक ऐकू आली तर सीव्ही जॉइंट गेलाय. गाडी सोडू नका, तेवढे पैसे कमी करून मागा.