शेवटचे चार किलोमीटर पाणंद: इलेक्ट्रिक घ्यावी की डिझेल?

पुण्याहून भोर तालुक्यातल्या आमच्या शेतघरापर्यंत साठ किलोमीटर. त्यातले छप्पन्न डांबरी, शेवटचे चार पाणंदीचे. या चारांत ओढ्यावरचा एक फरशी पूल, दोन चढ आणि मधे दीडेकशे मीटरचा असा पट्टा की ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्यात आणि मधोमध गवताचा वरंबा उभा आहे. या रस्त्यावर मी सात वर्षं डिझेल चालवली. गेली दोन वर्षं छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही चालवतोय. धाकट्या भावाकडे डिझेल अजून आहे, त्यामुळे तुलना आपोआप होत राहते. गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. गाऱ्हाणी रस्त्याची आहेत, कंपनीची नाहीत.

हे लिहायचं कारण मेहुणा. त्याचं घर मुळशीकडे, शेवटचा तुकडा असाच कच्चा. त्याने फोनवर एकच विचारलं, "दाजी, बॅटरी पुरेल ना?"

बॅटरी पुरते. हा प्रश्न पहिल्या दहांतही येत नाही.

गणित मांडून बघा. कच्च्या रस्त्यावर आपण पंधराच्या वेगाने जातो. एसी एक किलोवॅट खात असेल, तर ताशी साठने जाताना त्याचा खर्च किलोमीटरमागे सतरा वॅट-तास पडतो आणि पंधराने जाताना सदुसष्ट. म्हणजे अशा रस्त्यावर मोटरच्या खालोखाल खाणारा एसीच. तरीही सगळं धरून किलोमीटरला दोनशे वॅट-तास लागले, असं समजू. चार किलोमीटरला एक युनिटसुद्धा होत नाही. चढाचंही तसंच. माणसांसकट १.६ टनाची गाडी ३०० मीटर उंच चढवायला सव्वा-दीड युनिट लागतं आणि उतरताना त्यातलं बरंचसं परत मिळतं. ज्याच्या गाडीत चाळीस युनिटांची बॅटरी आहे, त्याने याची काळजी करू नये. काळजी करावी ती गाडीच्या पोटाची.

पोट

टाटाची नेक्सॉन हे तुलनेसाठी सोयीचं उदाहरण आहे, कारण तीच गाडी पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि इलेक्ट्रिक अशा चारही रूपांत आली. कागदावर पेट्रोल-डिझेलचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, २०८ मिमी, मोठ्या बॅटरीच्या इलेक्ट्रिकचा १९० मिमी. फरक अठरा मिमीचा, करंगळीच्या जाडीपेक्षा थोडा जास्त. एमजीची इलेक्ट्रिक विंडसर १८६ वर आहे. क्रेटात मात्र उलटं: पेट्रोल-डिझेल १९०, इलेक्ट्रिक २००. तेव्हा इलेक्ट्रिक म्हणजे बुटकीच, असा काही नियम नाही.

आकडा एकटा फसवतो, हे मला उशिरा कळलं. महिंद्राची बीई ६ कागदावर २०७ मिमी. नेक्सॉन इलेक्ट्रिकपेक्षा चांगली सतरा मिमी उंच. पण तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २७७५ मिमी आहे, नेक्सॉनचं २४९८. बांध ओलांडताना किंवा चढाच्या माथ्यावर पुढची चाकं पलीकडे आणि मागची अलीकडे असतात, तेव्हा लांब गाडीचं पोट आधी टेकतं. शाळेतली त्रिकोणमिती वापरून मी तिघींचा कोन काढला. बीई ६ ला साधारण १७ अंश, नेक्सॉन इलेक्ट्रिकला १७.३, नेक्सॉन डिझेलला जवळजवळ १९. सतरा मिमीची उंची लांबीने खाऊन टाकली. शोरूममध्ये हा हिशोब कुणी सांगत नाही.

दुसरं म्हणजे पोटाचा आकार. डिझेलच्या पोटाखाली सायलेन्सरचा पाइप आणि इंजिनची पत्रा-प्लेट खाली येतात, बाकी जागा पोकळ. इलेक्ट्रिकची बॅटरी सपाट पाटासारखी दोन्ही ॲक्सलच्या मधे पसरलेली. वरंबा लागलाच तर पाट पूर्ण लांबीने घासत जातो. आमच्या गावातल्या जुन्या बोलेरोचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे मागचं लोखंडी डिफरन्शियल. ते वरंब्यातून नांगरासारखं ओढत नेतात आणि मालक गाणी ऐकत असतो.

मी तसा ऐकू शकत नाही. गेल्या श्रावणात गवत गुडघाभर वाढलं होतं, त्यात धोंडा दिसला नाही. खालून 'ठण्ण' असा आवाज आला. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनचा आवाज नसतो, त्यामुळे प्रत्येक खडा कानात वाजतो आणि हा तर पोटात वाजला. चिखलात पालथा पडून मोबाइलच्या टॉर्चने पाहिलं. बॅटरीच्या पुढच्या प्लास्टिक आवरणाला चीर गेली होती, एक क्लिप तुटून लोंबत होती, आत काही झालं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी लिफ्टवर चढवून पाहून घेईपर्यंत झोप लागली नाही. कंपन्या बॅटरीला साधारणपणे किमान आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात, पण ती बॅटरीच्या स्वतःच्या दोषाला. धोंड्याला नाही. तिथे विमाच लागतो, आणि बॅटरीचं संरक्षण त्यात आहे की वेगळं घ्यायचं, हे पॉलिसी घेतानाच विचारायचं असतं.

तेव्हापासून त्या पट्ट्यात मी चाकोरीत चाक घालतच नाही. एक चाक वरंब्यावर, दुसरं कडेच्या बांधावर. गाडी तिरकी चालते, बायको दाराचं हँडल धरून बसते, पण पोट वर राहतं. डिझेलवाला भाऊ सरळ चाकोरीतून जातो आणि वर पोचल्यावर हसतो.

चढ, उतार, चिखल

चढावर हसण्याची पाळी माझी असते. सुट्या खडीच्या चढावर डिझेलला हाफ क्लचवर खेळवावं लागतं. चार माणसं आणि खताच्या दोन गोण्या असल्या की वर पोचेपर्यंत क्लचप्लेटचा करपल्यासारखा वास येतो. इलेक्ट्रिकला क्लच नाही, बंद पडण्याचा प्रश्न नाही आणि पूर्ण जोर शून्य वेगापासून. पायाचा अंगठा दाबावा तशी ती एकेका दगडावरून वर सरकते. वळणाच्या चढावर, जिथे डिझेलला पहिल्या गिअरमध्ये पुन्हा उचलावं लागायचं, तिथे मी आता बोलता बोलता जातो. बॅटरीचं वजन खाली असल्यामुळे आडव्या उतारावर गाडी झुलतही कमी.

पण हिचाही जोर पुढच्या चाकांनाच मिळतो, हे विसरू नका. स्वस्तातल्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या तशाच आहेत. ओल्या मुरमावर पाय जरा जास्त पडला की चाक जागीच भिंगरतं, आणि तत्काळ मिळणारा जोर इथे वैरी होतो. उताराला रीजन, म्हणजे मोटरनेच वीज परत भरत गाडी आवरणं, फक्त मोटर फिरवते त्या चाकांवर काम करतं. सुट्या खडीवर ते सगळ्यात कडक पातळीवर ठेवलं तर पुढची चाकं घसरू शकतात. मी खडीवर मधली पातळी ठेवतो, डांबरी घाटात कडक. आणि वरच्या घरून बॅटरी शंभर टक्के भरून लगेच उतरायला लागू नये, कारण भरलेल्या बॅटरीत परत घालायला जागाच नसते. त्या दिवशी रीजन नावापुरतं, सगळा भार ब्रेकवर.

माती कुठली, यावरही बरंच ठरतं. आमचा मुरूम पाऊस उघडला की दोन तासांत चालण्याजोगा होतो. कोकणातल्या जांभ्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं, तिथे टायर बोलतो, मोटर नाही. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीत भर पावसात इलेक्ट्रिक की डिझेल हा वादच फिजूल आहे. चाकाच्या कमानीत चिखल भरून चाक फिरायचं थांबतं. तिथे ट्रॅक्टर, नाहीतर पायी. चारही चाकांना जोर हवाच असेल तर हॅरियर इलेक्ट्रिकची दोन मोटरवाली आवृत्ती आहे, पण तिचं बजेट वेगळं आणि पाणंदीच्या मानाने तिचं रुंद अंगही. आमच्या वाटेत तिचे आरसे करवंदीच्या जाळीत जातील.

पाण्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे आणि त्याच्या उलट दुसरा. एक म्हणतात, इलेक्ट्रिक पाण्यात गेली की शॉक बसतो. दुसरे म्हणतात, आयपी ६७ आहे, बिनधास्त घाला. आयपी ६७ म्हणजे बॅटरीचा डबा एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास तग धरतो, इतकंच. ते वाहत्या ओढ्याबद्दल काही सांगत नाही आणि दारातून आत येणाऱ्या पाण्याबद्दलही नाही. इलेक्ट्रिकचा खरा फायदा असा की तिला श्वास घ्यायचा नसतो. डिझेलच्या हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. पण फरशीवरून फूटभर पाणी जोरात वाहत असेल तर छोटी गाडी हलायला तेवढं पुरतं, मग इंधन कुठलंही असो. पाणी ओसरेपर्यंत आम्ही अलीकडे थांबून चहा पितो.

दुसऱ्या टोकाचा प्लग

आता माझ्या मते ज्यावर निर्णय फिरतो ती गोष्ट. कच्च्या रस्त्याच्या टोकाला फास्ट चार्जर नसतो, तिथे तुमचा १५ अँपिअरचा प्लग असतो. त्याच्यावर रात्रभरात वीस-पंचवीस युनिटं भरतात, परतीच्या साठ किलोमीटरला भरपूर. पहिल्या महिन्यात मात्र आमच्याकडे एकही युनिट भरलं नाही. प्लग लावला की चार्जरवर लाल दिवा. व्होल्टेज ठीक, वायर नवीन, सॉकेट नवीन. गावातल्या वायरमनने टेस्टर लावला आणि म्हणाला, "साहेब, अर्थिंगच नाय."

चार्जरला नीट अर्थिंग मिळालं नाही तर तो चार्जिंग सुरूच करत नाही, आणि ते बरोबरच आहे. घर बांधताना कुणीतरी सळई मातीत खोचून 'अर्थिंग' केलं होतं. नवा खड्डा खणला, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर पाइप. दिवा हिरवा झाला. एप्रिलमध्ये पुन्हा लाल. माती कोरडी पडली होती. पाइपात दोन बादल्या पाणी ओतलं, पंधरा मिनिटांत हिरवा. आता उन्हाळ्यात शेतावर गेलो की आधी तुळशीला पाणी आणि मग अर्थिंगला.

शेतीपंपाच्या लाइनीवर गाडी लावायचा विचार करू नका. ती जोडणी त्या कामासाठी नाही, आणि वीजही पाळीने येते. घरगुती मीटरवर लावली तर वाढीव युनिटं वरच्या स्लॅबमध्ये जातात, हे धरून हिशोब करा. तरीही परवडतं. साठ किलोमीटरला नऊ युनिटं, दहा रुपयांनी धरली तर नव्वद रुपये. डिझेलला याच फेरीत चार लिटर जातं, म्हणजे नव्वदीच्या दराने साडेतीनशेच्या वर.

डिझेलच्या बाजूने जुने लोक दणकटपणा सांगतात. तो जुन्या डिझेलचा. बीएस ६ या नव्या प्रदूषण-नियमांच्या डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो आणि ती काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. ज्याची गाडी घर ते शेत अशी चार-पाच किलोमीटरच रांगते, त्याला डीपीएफचा दिवा वारंवार दिसणार. अशा माणसाने डिझेल घेऊच नये. पेट्रोल चालतं, सीएनजीत चढाला दम कमी, आणि त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

बिघाडात मात्र डिझेल जिंकतं. बाजाराच्या प्रत्येक गावात तिचा मिस्त्री आहे. इलेक्ट्रिक बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर फिरवत लांब ओढायची नसते, पूर्ण गाडी ट्रकवर घ्यावी लागते, आणि तो ट्रक पाणंदीत शिरत नाही. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनीही मिळत नाही, पंक्चर किट देतात. तळव्यात खिळा गेला तर किट ठीक, पण धारदार दगडाने टायरची बाजू फाटली तर त्या डब्याचा उपयोग नाही. मी स्टेपनी वेगळी विकत घेतली, डिकीत आडवी पडलेली असते. बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तर रिमोटने दारही उघडत नाही, म्हणून जंपर केबल ठेवतो.

शांतपणाचा त्रासही सांगून टाकतो. पाणंदीत म्हैस आडवी उभी होती, मी मागे दोन मिनिटं थांबून. हॉर्न वाजवला तर तिने बिथरून बांधावरून उडी मारली. तात्या काठी घेऊन आले. "गाडीला आवाजच न्हाई तुमच्या, म्हसरानं बाजूला व्हायचं कसं?" डिझेल अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू येते, वाट आपोआप मोकळी होते.

मेहुण्याला काय सांगितलं

रोज किंवा दर आठवड्याला पक्क्या रस्त्याची लांब फेरी, शेवटी मुरूम किंवा खडी, दोन्ही टोकांना प्लग: इलेक्ट्रिक घे, मागे बघू नकोस. मधे खोल चाकोऱ्यांचा पट्टा असेल आणि बाजूने जायला बांध नसेल: एक तर ग्रामपंचायतीकडून दोन ट्रॉल्या मुरूम टाकून घे, नाहीतर डिझेल. घरात एकच गाडी आणि पावसाळ्यात दवाखान्यासाठी तिच्यावरच भिस्त असेल, तर मी अजूनही डिझेलच म्हणेन, आणि इथे माझं माझ्या भावाशी एकमत आहे.

बुकिंगच्या आधी मात्र त्याला एक काम दिलंय. घ्यायच्या गाडीच्या ग्राउंड क्लिअरन्सएवढी, म्हणजे वीतभराहून थोडी कमी लांबीची काठी घेऊन पाणंदीत चालत जायचं. आमच्या पट्ट्यात काठी चाकोरीत उभी केली की वरंब्याच्या खाली दिसेनाशी होते. त्याच्याकडे ती वर डोकावली तर चांगलं, पण गाडीत चार माणसं बसली की पोट दोन-तीन बोटं खाली येतं, तेवढं वजा करायचं. मग शोरूमवाल्याला टेस्ट ड्राइव्हसाठी गाडी घेऊन घरापर्यंत बोलवायचं, मागे तीन माणसं बसवून. पहिल्याने नकार दिला. दुसरा रविवारी येतोय.