फोटोतली लेकरं

मागच्या वर्षी सासऱ्यांच्या, आमच्या नानांच्या, वर्षश्राद्धाला गावजेवण न घालता तो पैसा निराधार मुलांसाठी द्यायचा, असं घरात ठरलं. अमळनेरमध्ये अशी गोष्ट लपून राहत नाही. आठवड्याच्या आत दोघं जण पावतीबुक घेऊन दारात हजर. "ताई, सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याकडे आमचा आश्रम आहे. बेचाळीस लेकरं आहेत, बरीचशी पावरा आदिवासी समाजाची."

मग त्यांनी फोटोंचा अल्बम उघडला. पंगतीत बसलेली मुलं, ताटात नुसता भात. एका मुलीच्या हाताला प्लास्टर. माझे डोळे भरून आले आणि पुढे मी काही विचारलंच नाही. 11,000 रुपये रोख दिले. पावतीवर '80जी', म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं कलम, छापलेलं होतं, पण पुढे नंबर नव्हता. पुढे दर महिन्याला फोनवरून 1,500 पाठवत गेले. दिवाळीत त्याच मुलीच्या ऑपरेशनसाठी 20,000 दिले. व्हॉट्सॲपवर तिचे फोटो यायचे, ते मी मैत्रिणींना पाठवायचे. तिघींनी माझ्या शब्दावर पैसे दिले. माझ्या पैशांपेक्षा हे मनाला जास्त लागतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वाटलं, लेकरांना मांडे आणि आमरस स्वतःच्या हाताने वाढावा. मी आणि जाऊबाई पहाटेपासून खापरावर मांडे टाकत बसलो, डबे भरले. निघताना फोन केला तर म्हणाले, "ताई, आज मुलं सहलीला गेलीत." इतक्या उन्हात सहल? आम्ही गेलोच. पावतीवरच्या पत्त्यावर खताचं बंद गोदाम होतं. समोरच्या चहावाल्या दादांनी सांगितलं, इथे आश्रम कधी नव्हताच. जाऊबाई डबे उराशी धरून तशीच उभी होती.

घरी आल्यावर मुलाने तो पंगतीचा फोटो मोठा करून दाखवला. मागच्या भिंतीवर कानडी अक्षरं होती.

जळगावला जिल्हा बाल संरक्षण कक्षात गेले. तिथे कळलं, 2015 च्या बाल न्याय कायद्यात कलम 41 प्रमाणे निराधार मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे, आणि मूल तिथे बाल कल्याण समितीच्या आदेशाने राहतं. कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करायलाच बंदी आहे. म्हणजे ज्या फोटोंनी मला रडवलं, ते बघूनच मी सावध व्हायला हवं होतं.

तुमच्या दारात कोणी असा अल्बम घेऊन आलं, तर आधी नोंदणीचा दाखला मागा आणि तो खरा आहे का, हे जिल्हा कक्षात विचारा. रोख देऊ नका. 2,000 रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही, त्यामुळे रोखीचाच हट्ट धरणाऱ्याला तिथेच थांबवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. मी कळवलं तोवर खातं रिकामं झालेलं होतं. पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

शेजारच्या काकू म्हणतात, आता कोणालाच काही द्यायचं नाही. मला ते पटत नाही. ज्या मुलांना खरंच कोणी नाही, त्यांनी काय केलंय? कक्षातून नोंदणी असलेल्या एका संस्थेचा पत्ता घेतला आणि मागच्या महिन्यात जाऊबाईला घेऊन जाऊन आले. त्यांनी चेक घेतला, पावतीवर माझा पॅन नंबर लिहिला, नोंदणीचा दाखला भिंतीवरच लावलेला होता. मुलांजवळ जाण्याआधी तिथल्या ताईंनी आमचे दोघींचे मोबाइल मागून घेतले आणि टेबलाच्या खणात ठेवले.