मिडल क्रीक: वसंताच्या तोंडावरचे पक्षीनिरीक्षण

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर आणि लेबनन या काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) पसरलेले मिडल क्रीक वन्यजीव व्यवस्थापन क्षेत्र 6,000 एकरांहून मोठे असले, तरी मार्चच्या सुमारास तेथे जाणाऱ्याने आपला बहुतेक वेळ त्यातील सुमारे 400 एकरांच्या उथळ तलावाकाठीच घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस तलावावरील बर्फ वितळू लागले, की अटलांटिक किनाऱ्याजवळ हिवाळा काढलेले स्नो गूज (पांढरे रानटी कलहंस) आर्क्टिककडे परतताना येथे मुक्काम करतात आणि चांगल्या वर्षी एका वेळी त्यांची संख्या लाखावर जाते. त्यांच्या जोडीला हजारोंनी टुंड्रा स्वान (पांढरे हंस) असतात. प्रवेशशुल्क नाही.

हे दृश्य पाहण्यासाठी विलो पॉइंट ही सर्वांत सोयीची जागा आहे. तेथवरची वाट पक्की आणि अर्ध्या मैलाहून कमी असल्यामुळे ज्येष्ठांना किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनाही ती जड जात नाही. वेळेचे पथ्य मात्र पाळावेच लागते, कारण हे पक्षी रात्र पाण्यावर काढतात आणि सकाळी आजूबाजूच्या शेतांत, कापणीनंतर उरलेले मक्याचे दाणे व गव्हाची कोवळी पाती खायला निघून जातात. भर दुपारी पोहोचणाऱ्याच्या वाट्याला बरेचदा रिकामे पाणी येते. पहाटे उजाडण्यापूर्वी काठावर उभे राहावे. एखादा बाल्ड ईगल (शिकारी गरुड) वरून गेला, तर अख्खा थवा एकदम उठतो, पांढऱ्या पंखांची काळी टोके आभाळभर दिसतात आणि शेजारच्याशी बोलणे अशक्य व्हावे इतका कलकलाट होतो. (थव्यात पांढऱ्या डोक्याचे, करड्या अंगाचे पक्षी दिसले, तर तेही स्नो गूजच, रंग तेवढा वेगळा.)

माहिती केंद्रातील पेंढा भरलेले पक्षी नवशिक्यांना ओळख पटवायला उपयोगी पडतात. मार्चपासून खुल्या होणाऱ्या मोटाररस्त्याची उपयुक्तता त्याहून अधिक आहे, कारण पक्षी गाडीला माणसाइतके बिचकत नाहीत आणि बोचऱ्या वाऱ्यात मुलांनाही काचेआडून निवांत पाहता येते.

हे क्षेत्र पेनसिल्व्हेनिया गेम कमिशन, म्हणजे राज्यातील वन्यजीव आणि शिकार यांचा कारभार पाहणारी सरकारी संस्था, चालवते. त्या संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा भाग शिकार परवान्यांतून येतो आणि हंगामात येथे नियंत्रित शिकारही होते. आपल्याकडच्या अभयारण्याची कल्पना मनात धरून येणाऱ्याला हे खटकेल, मलाही ते फारसे रुचत नाही; परंतु तलाव मुळात मानवनिर्मित आहे, आणि पक्ष्यांना निर्धास्त विसावता यावे म्हणून काही भाग माणसांसाठी बंद ठेवण्याचे कामही हीच संस्था करते, हे नाकारता येत नाही.

थव्यांची संख्या थोड्याच दिवसांत बदलते, त्यामुळे निघण्यापूर्वी कमिशनच्या संकेतस्थळावरील ताजे अंदाज अवश्य पाहावेत. शनिवार-रविवारची गर्दी टाळावी, दुर्बिणीसोबत शक्य तर स्पॉटिंग स्कोपही (तिपाईवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण) न्यावा. लहान गाणाऱ्या पक्ष्यांची आवड असणाऱ्यांनी मात्र एप्रिलअखेर किंवा मे महिना निवडावा आणि तलाव सोडून जंगलातील पायवाटा धराव्यात.