ओस्तुनीतला दोन तासांचा वॉक: गाईड एक नंबर, वेळ कमी पडतो

दक्षिण इटलीत पुलियाला जाणार असाल तर ओस्तुनीला गाईड घेऊनच फिरा, नाहीतर पांढऱ्या भिंतींपुढे फोटो काढून तासाभरात खाली उतराल आणि गाव बघायचंच राहून जाईल.

सुरुवात खालच्या चौकात, सांत ओरोन्झोच्या १७७१ च्या उंच खांबापाशी, प्लेगमधून या संताने वाचवलं अशी लोकांची श्रद्धा. तिथून चढ लागतो. एका बोळात गाईडबाईंनी आम्हाला थांबवलं आणि भिंतीचा खपली निघालेला कोपरा दाखवला, चुन्याचे थरावर थर, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे, आणि इतक्या वर्षांच्या सफेदीने दगडाची धारच गेलेली, कोपरा हाताला गोल लागतो. बोटं पांढरी झाली आणि मला एकदम आजोळ आठवलं, दिवाळीआधी पिंपात रटरटणारा कळीचा चुना आणि मामाच्या हातातली कूची. त्या म्हणाल्या बोळ इतके अरुंद की ऊन खाली पोचतच नाही, चुन्याच्या भिंतीच उजेड आत आणतात, शिवाय सतराव्या शतकात प्लेगच्या वेळी रोगराई आटोक्यात राहावी म्हणूनही चुना मारायचे, आणि चुनखडीचा दगड तर तिथे पायाखालीच. वर बघितलं तर घराघरांमध्ये कमानी, मला वाटलं शोभेला आहेत, पण समोरासमोरच्या भिंती एकमेकींना टेकू देऊन उभ्या आहेत!

सगळ्यात वर कॅथेड्रल, पंधराव्या शतकातलं. त्याला चुना नाही, फिकट मधाच्या रंगाचा दगड तसाच ठेवलाय, त्यामुळे एवढ्या पांढऱ्यातून वर आल्यावर डोळे निवतात. दर्शनी भिंतीवरची गोल खिडकी निवांत बघा, बाहेरच्या कडेला २४ आऱ्या आणि मधोमध ख्रिस्त. आम्हाला इथे जेमतेम दहा मिनिटं मिळाली, माझी खरी तक्रार हीच, पुढच्या ग्रुपची वेळ झाली म्हणून हलवलं. त्यात गाईडचं बोलणं ऐकायला दिलेलं माझं कानात लावायचं यंत्र अर्ध्यात बंद पडलं आणि बदलून द्यायला जादाचं नव्हतं, पैसे घेता तर एखादं जास्तीचं बाळगा ना. गाईडबाईंनी मात्र मला शेवटपर्यंत शेजारी घेऊन सगळं परत सांगितलं, त्यांना पैकीच्या पैकी.

म्युझियम या वॉकमध्ये धरलेलं नाही पण ते चुकवू नका, जुन्या मठात आहे, कॅथेड्रलच्या वाटेवरच. गावाजवळच्या गुहेत १९९१ साली सापडलेल्या देलियाचं दफन तिथे दाखवलंय, सुमारे २८,००० वर्षांपूर्वीची बाई, दिवस भरत आलेले, पोटात बाळ. डोक्याला शिंपल्यांची टोपी घालून, एक हात पोटावर ठेवून तिला निजवलंय. माझी बहीण सातव्या महिन्यात होती तेव्हा अगदी अशीच झोपायची, मी तिथून बराच वेळ हललेच नाही.

सकाळचा पहिला वॉक घ्या, दगडी पायऱ्या गुळगुळीत आहेत, चांगली पकड असलेले बूटच घाला.