खेतवाडीच्या पोटमाळ्यावरची निरूपणं: आठ महिने रोज वाचल्या-ऐकल्यानंतर

मुंबईत अद्वैत सांगणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचं बोलणं प्रवचनाच्या सवयीने ऐकायला बसलात तर दहा मिनिटांत चुळबुळ सुरू होईल. आख्यान नाही, दृष्टांत मोजके, शेवटी गजर नाही. गिरगावात खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत, घरातल्याच पोटमाळ्यावर, समोर बसलेल्याने विचारायचं आणि महाराजांनी बहुतेकदा उलट त्यालाच विचारायचं, असा सगळा मामला. बोलणारा माणूस मालवणजवळच्या कांदळगावात वाढलेला, मुंबईत विडीचं दुकान चालवलेला. त्यामुळे भाषा व्यवहारातली. शब्द मात्र थेट दासबोधातले, आणि मराठी वाचक अडखळतो तो इथेच.

आज हाती येतं ते साहित्य एकसारखं नाही. सर्वात प्रसिद्ध ते मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थांनी इंग्रजीत आणलेलं ‘आय ॲम दॅट’, 1973 साली मुंबईच्या चेतना या प्रकाशनसंस्थेने काढलेलं. त्यात 101 संवाद आहेत आणि पहिल्यावर 7 मे 1970 ही तारीख आहे. दुसरा गट शेवटच्या दोन-तीन वर्षांतल्या बोलण्याचा. ही पुस्तकं जीन डन, रॉबर्ट पॉवेल वगैरेंनी संपादित केली. महाराज 8 सप्टेंबर 1981 ला घशाच्या कर्करोगाने गेले, त्याआधीचं हे बोलणं. तिसऱ्या गटात मूळ मराठी निरूपणं आणि ध्वनिमुद्रणं येतात.

क्रम चुकवू नका. शेवटच्या काळातलं आधी वाचलं की पहिल्याच आठवड्यात माणूस गोंधळतो. फ्रीडमनच्या संवादांत महाराज ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहा म्हणतात. शेवटच्या बोलण्यात तेच ‘मी आहे’ अन्नरसातून, म्हणजे अन्नावर पोसलेल्या देहातून उगवलेलं, काळाच्या ताब्यातलं, म्हणून तेही तुम्ही नाही, असं सांगून मोकळे होतात. शिडी आणि शिडी सोडणं. पण शिडीवर पायच ठेवला नसेल तर दुसऱ्या गटातून हाती लागतो तो फक्त शून्यवाद.

प्रमाण: दिवसाला एक संवाद, फार तर 20 मिनिटं. दोनदा वाचावा, दुसऱ्यांदा फक्त प्रश्न. प्रश्नकर्त्याने काय गृहीत धरलंय ते सापडलं की उत्तर आपोआप उलगडतं, कारण महाराज प्रश्नाला क्वचितच हात घालतात, ते गृहीतकच काढून घेतात. पहिलाच संवाद बघा. झोपेतून उठल्यावर जग एकदम समोर येतं, ते येतं कुठून, असं विचारलंय. महाराज जगाकडे वळतच नाहीत. काही यायचं तर ते ज्याच्यासमोर येतं तो आधी असायला हवा, तिथून सुरुवात करतात.

साधनाही नेमकी याच जागी करून बघण्यासारखी. सकाळी जाग आल्यावर आज कोणता वार, काय काम, हे आठवण्याआधी काही सेकंद नुसतं ‘आहे’ एवढंच असतं. नावसुद्धा नंतर येतं. मोबाइलला हात लावायच्या आत ते पकडायचं आणि 15–20 मिनिटं तिथेच बसायचं. विचार येतील, येऊ द्यात. ते कुणाला कळतात तिकडे परत यायचं, बस. दिवसभरात मग लिफ्टची वाट बघताना, कुकरची शिट्टी होईपर्यंत, पुन्हा तेच.

इथे सगळ्यात जास्त फसतं ते हे की ‘मी आहे, मी आहे’ असा जप सुरू होतो. शिष्याला नाम द्यायची पद्धत महाराजांच्या गुरुपरंपरेत आहेच, पण इथे रोख शब्दावर नाही, शब्दाआधीच्या असतेपणावर आहे. ओळखायची खूण सोपी: जप थांबवला की ‘ते’ही गेल्यासारखं वाटतं का? वाटलं तर तो विचार होता. दुसरी फसगत अनुभवांची. प्रकाश, कंप, शांतता दिसू लागली की माणूस उद्या परत तेच शोधत बसतो. तिसरी जरा चीड आणणारी: ‘मी देह नाही’ म्हणत औषधं टाळणं, घरच्यांशी तुसडेपणा. महाराजांनी स्वतः संसार केला, दुकान सांभाळलं, गुरूंनी लावून दिलेली रोजची भजनं आजारपणातही सोडली नाहीत.

शब्दांचं तेवढं बघा. फ्रीडमनच्या इंग्रजीत ‘कॉन्शसनेस’ आणि ‘अवेअरनेस’ वेगळे आहेत: पहिलं येतं-जातं, दुसरं मूळ. मनातल्या मनात दोन्हींना ‘जाणीव’ म्हणत गेलात तर एका पानावर जाणीव धरा आणि पुढच्या पानावर जाणीव सोडा, असं वाटून डोकं भणभणतं. त्यापेक्षा दासबोधाचा आठवा दशक, मायोद्भवाचा, आधी चाळून घ्या. मूळमाया, जाणीव-नेणीव, निर्गुण हे शब्द तिथे जागच्या जागी भेटतात. गुरू सिद्धरामेश्वर महाराजांची निरूपणं वाचलीत तर स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण या चार देहांची पायऱ्यांनी केलेली मांडणीही मिळते, जी निसर्गदत्त महाराज फारशी समजावत बसत नाहीत.

तक्रारी आहेतच. पुनरुक्ती भरपूर. चाळीसाव्या संवादापर्यंत पुढचं उत्तर आधीच ओळखू येतं. एकापाठोपाठ एक संवाद वाचत सुटलात तर हमखास कंटाळा. इंग्रजीही जरा जास्तच घोटीव आहे, त्या आवाजातला खडबडीतपणा त्यात उतरत नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रणं ऐकायलाच हवीत, आणि मराठी माणसाची चंगळ तिथेच. महाराज बोलतात मराठीत, मग दुभाष्या इंग्रजीत सांगतो; त्याने तोंड उघडण्याआधी उत्तर आपल्याला कळलेलं असतं. इयरफोन लावा, मराठी वाक्य संपलं की पॉझ करा आणि अनुवाद सरळ पुढे ढकला.